ती बाळंतपणाला परत येईल तेव्हा

प्रति,
सागरी संरक्षित क्षेत्रांच्या हद्दी आखणारे सर्व किनारी देशांचे प्रतिनिधी

स. न. वि. वि.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या जैवविविधता परिषदेत आपण एका आकड्यावर एकमत केलेत. २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा. तेव्हापासून प्रत्येक देश आपापल्या वाट्याचा नकाशा रंगवतो आहे, आणि हे पत्र त्या रंगवण्याबद्दल आहे. किती समुद्र राखला याचा हिशेब दर बैठकीत मांडला जातो. नेमका कोणता राखला, आणि ज्याच्यासाठी राखला त्याच्या तो आणखी पंधरा वर्षांनी उपयोगी पडेल का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मी तो प्रश्न शार्कच्या विणीच्या जागांपुरता विचारते आहे. या जागा लहान असतात. त्या बहुतेक किनाऱ्यालगत, म्हणजे आपल्याच सागरी हद्दीत असतात. आणि उथळ पाणी आधी तापते, म्हणून तापत्या समुद्राचा पहिला चटका त्यांनाच बसतो.

बहामातल्या बिमिनी बेटांपासून सुरुवात करते. तिथे खारफुटीने वेढलेली एक उथळ खाडी आहे आणि तिथे लेमन शार्कच्या माद्या पिल्लांना जन्म देतात. १९९५ पासून शास्त्रज्ञ दर वर्षी या खाडीतली लहान पिल्ले पकडतात, पोहायच्या पराचा चिमूटभर तुकडा जनुकीय तपासणीसाठी घेतात, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात आणि पिल्लू पाण्यात सोडतात. वर्षानुवर्षे हेच काम चालू राहिले. मग एके दिवशी नव्या पिल्लांच्या जनुकांतून त्यांच्या आयांची ओळख पटू लागली. १९९३ ते १९९७ या काळात याच खाडीत जन्मलेल्या किमान सहा माद्या १४ ते १७ वर्षांनी स्वतःच्या बाळंतपणासाठी इथेच परतल्या होत्या. मधल्या काळात त्या खुल्या समुद्रात कुठे कुठे फिरल्या असतील. पण पोटात पिल्ले असताना त्यांनी जन्माची खाडी बरोबर शोधून काढली.

मराठीत याला माहेरी येणे म्हणतात. शास्त्राच्या भाषेत त्याला लांबलचक नाव आहे, पण मला हाच शब्द पुरेसा वाटतो, कारण त्यात जागेवरचा भरवसा आहे. ती मादी येते ती आपण जगलो तिथे आपली पिल्लेही जगतील या हिशेबाने. हा हिशेब तिने मनात मांडलेला नसतो. कोट्यवधी वर्षांच्या निवडीने तो तिच्या अंगात भिनवला आहे. शार्कचा वंश ४० कोटी वर्षांहून जुना आहे आणि पाचही महाविनाशांतून तो तरला. त्या सगळ्या काळात हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर आला. समुद्राचे तापमान एका मादीच्या आयुष्यातच बदलू लागले, तर मात्र तो चुकतो.

लेमन शार्कचे पिल्लू जन्मते तेव्हा जेमतेम ६० सेंटिमीटरचे असते. आई त्याला जन्म देते आणि निघून जाते. दूध नाही, राखण नाही, काही शिकवणेही नाही. आईच्या जागी त्याला मिळते ती ती खाडीच. भरती चढली की मोठे शार्क आत येऊ लागतात, आणि त्याच पाण्याबरोबर पिल्ले खारफुटीच्या मुळांत शिरतात. त्या जाळीत मोठ्या अंगाला वळता येत नाही. ओहोटी लागली की पिल्ले बाहेर येऊन उथळ पाण्यात बारके मासे धरतात. पहिली दोन-तीन वर्षे त्यांचे जग एवढेच असते. याच खाडीत बांधकामासाठी गाळ उपसला गेला आणि खारफुटी तोडली गेली, तेव्हा पहिल्या वर्षातून तरून जाणाऱ्या पिल्लांचे प्रमाण लक्षणीय घटल्याची नोंद आहे. लेमन शार्कची गणना आज असुरक्षित जातींत होते.

कोणत्याही उथळ पाण्याला शार्कची संगोपनाची जागा म्हणता येत नाही. २००७ मध्ये संशोधकांनी त्यासाठी तीन कसोट्या ठरवल्या. पिल्ले तिथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त आढळली पाहिजेत, ती तिथे दीर्घकाळ राहिली पाहिजेत, आणि ती जागा वर्षामागून वर्षे पुन्हा पुन्हा वापरली गेली पाहिजे. आपले नकाशे बहुतेक पहिल्या दोन कसोट्यांवर बेतलेले असतात, कारण त्यांची मोजणी एका-दोन हंगामांत उरकते. हवामानबदल घाव घालतो तो तिसरीवर. पिल्ले आज तिथे आहेत हे खरे. पण वर्षामागून वर्षे हे शब्द आता कुणी कशाच्या आधारावर लिहायचे?

उष्णतेने नेमके काय होते ते थोडे सविस्तर सांगते, कारण बैठकांमध्ये या मुद्द्यावर तापमानवाढीचा प्रतिकूल परिणाम एवढे एकच वाक्य येते आणि पुढे सरकते. मोजक्या जाती सोडल्या तर शार्कच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते. पाणी तापले की शरीराची भट्टी जोरात पेटते आणि त्याच शरीराला जास्त अन्न, जास्त प्राणवायू लागतो. गरम पाण्यात प्राणवायू मात्र कमी विरघळतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. मोठा शार्क खोल, थंड पाण्यात उतरून सुटका करून घेतो. पिल्लाला ते जमत नाही, कारण खोल पाण्यात त्याला खाणारे आहेत.

हवाईच्या कानेओहे उपसागरात स्कॅलप्ड हॅमरहेड या अति-संकटग्रस्त जातीची पिल्ले वाढतात. जन्मतः यकृतात साठवलेली चरबी ही त्यांची शिदोरी. तिच्यावर पहिले काही आठवडे निघतात आणि तेवढ्यात त्यांना शिकार साधावी लागते. अभ्यासकांनी पकडून तोललेली कित्येक पिल्ले जन्मानंतर वाढण्याऐवजी वजनाने घटत होती. पोहण्यातच त्यांची ताकद इतकी खर्च होते की मिळणारे अन्न पुरत नाही, आणि बरीचशी उपासमारीने मरतात. हा हिशेब आधीच इतका काठावरचा आहे. पाणी अंशभर अधिक तापले की शिदोरी तेवढी लवकर संपते आणि शिकार शिकायला मिळणारे दिवस कमी होतात. मला तरी याहून थेट स्पष्टीकरणाची गरज वाटत नाही.

आता अंड्यांबद्दल. सगळे शार्क जिवंत पिल्ले देत नाहीत, साधारण ४० टक्के जाती अंडी घालतात. एका मत्स्यालयाच्या अंधाऱ्या खोलीत मी एकदा असे अंडे दिव्यासमोर धरलेले पाहिले. तळहाताहून लहान, चामड्यासारखी तपकिरी पिशवी. आत पिवळ्या बलकाचा गोळा आणि त्याला नाळेने जोडलेला, करंगळीएवढा जीव. त्याची शेपटी एकसारखी हलत होती. कोशाच्या फटींमधून ताजे पाणी आत यावे म्हणून तो ती हलवतो, त्याचा श्वासच त्यावर चालतो. मी दहा मिनिटे उभी होते आणि तेवढ्या वेळात ती शेपटी थांबली नाही. जन्माआधीच इतके कष्ट करणारा जीव मी दुसरा पाहिलेला नाही.

ती शेपटी थांबते एकाच वेळी, शिकारी जवळ आल्यावर. शिकाऱ्याच्या शरीरातून निघणारे सूक्ष्म विद्युतक्षेत्र कोशातल्या भ्रूणालाही जाणवते आणि ते श्वास रोखून निश्चल होते. शेपटी हलली नाही, पाणी हलले नाही, की शिकाऱ्याला पत्ता लागत नाही. कोशात अडकलेल्या जिवाकडे बचावाचा एवढा एकच उपाय असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅटशार्कची भ्रूणे १५ आणि २० अंश सेल्सिअस अशा दोन पाण्यांत वाढवली. उबदार पाण्यातल्या भ्रूणांना श्वास रोखून राहणे फार थोडा वेळ जमले, कारण त्यांच्या शरीराची प्राणवायूची मागणी थांबूच देत नव्हती. अंडे शाबूत, भ्रूण जिवंत, पण लपण्याची कला मात्र उष्णतेने हिरावून घेतली.

ग्रेट बॅरिअर रीफवर राहणाऱ्या इपॉलेट शार्कवर असाच प्रयोग झाला. २७ अंशांच्या पाण्यात अंडी उबायला साधारण १२५ दिवस लागले, तर ३१ अंशांना सुमारे १००. लवकर जन्मले म्हणजे बरे झाले, असे वाटेल. प्रत्यक्षात गरम पाण्यातली पिल्ले बारकी होती, अंगात त्राण नव्हते, आणि बलकाचा साठा त्यांनी झपाट्याने संपवला होता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इपॉलेट काय किंवा युरोपातला ठिपक्यांचा कॅटशार्क काय, या धोक्यातल्या जाती नाहीत. त्या चिवट म्हणूनच प्रयोगशाळेत आणता येतात. इपॉलेट तर ओहोटीच्या डबक्यांत प्राणवायू जवळपास संपला तरी तग धरतो. अशा चिवट जातीची ही गत असेल, तर नाजूक जातींची अंडी तापवून पाहण्याची वाट आपण पाहू नये.

२०२४ चा आणखी एक प्रयोग आपल्या टेबलावर असायलाच हवा. फ्रान्समध्ये कॅटशार्कची अंडी शतकाच्या अखेरीच्या दोन संभाव्य समुद्रांत वाढवली गेली. कार्बन उत्सर्जनाला बऱ्यापैकी लगाम घातला, तर पाणी जेवढे तापेल आणि आम्ल होईल तेवढ्यात अंडी आजच्याइतकीच, सुमारे ८० टक्के, उबली. उत्सर्जन बेलगाम राहिले तर होणाऱ्या समुद्रात उबली फक्त ११ टक्के. दोन भविष्यांतले हे अंतर आपल्या निर्णयांनी ठरणार आहे. एवढी स्पष्ट निवड विज्ञान क्वचितच हाती देते.

जन्माची जागा केवळ तापमानाने बिघडते असेही नाही. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लोरिडाच्या टेरा सिया उपसागरात ब्लॅकटिप शार्कच्या १३ पिल्लांवर ध्वनिसंदेश देणारी उपकरणे बसवलेली होती. गॅब्रिएल नावाचे वादळ येत होते. हवेचा दाब पडू लागला तशी तेराही पिल्ले, वादळ धडकण्याआधी, उपसागराबाहेर खोल पाण्यात निघून गेली. त्यांतल्या कुणीही आयुष्यात वादळ पाहिले नव्हते. वादळ सरल्यावर ती परत आली. हे वाचताना मला दर वेळी भरून येते. वादळापासून पळता येते, कारण ते एक-दोन दिवसांत जाते आणि घर जागेवर राहते. महिनोन्महिने ठाण मांडून बसलेल्या सागरी उष्णतेच्या लाटेपासून पळून पिल्लांनी कुठे जायचे?

शिवाय घर जागेवर राहीलच असेही नाही. २०१९ मध्ये डोरियन चक्रीवादळाने बहामातल्या अबाको आणि ग्रँड बहामा बेटांवरची खारफुटी मैलोन्मैल उद्ध्वस्त केली. २०११ च्या उष्णतेच्या लाटेने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथली सागरी गवताची एक तृतीयांशाहून अधिक कुरणे उजाड केली. आणि समुद्राची पातळी सध्या वर्षाला ४ मिलिमीटरहून अधिक वेगाने चढते आहे. दहा हजार वर्षांच्या गाळाच्या नोंदी सांगतात की हा वेग ६-७ मिलिमीटरपुढे गेला, तर खारफुटीला गाळ साठवून वर उठत राहणे बहुधा जमणार नाही. तिला जमिनीकडे सरकावे लागेल. त्या बाजूला बहुतेक ठिकाणी आपण भिंती, रस्ते आणि इमारती उभ्या केल्या आहेत.

काही जाती सरकतात हे खरे आहे, आणि आपल्यापैकी काहीजण त्याचा आधार घेऊन शार्क आपले आपण जुळवून घेतील असे म्हणतात. कॅलिफोर्नियात ग्रेट व्हाइट शार्कची लहान पिल्ले पूर्वी दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यालगत असत. २०१४ च्या उष्णतेच्या लाटेनंतर ती शेकडो किलोमीटर उत्तरेला माँटेरे उपसागरात दिसू लागली. उत्तर कॅरोलायनातल्या पॅम्लिको साउंडमध्ये २०११ पासून बुल शार्कची पिल्ले नियमित सापडू लागली, आणि त्याचा संबंध उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाढलेल्या तापमानाशी आणि क्षारतेशी लागला. पण सरकणे म्हणजे सुखरूप असणे नव्हे. नव्या जागी जाळी आधीपासून लागलेली असतात, कारण तिथे शार्क वाढतात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. माँटेरेच्या परिसरात समुद्री ऊदमांजरांना शार्कचे जीवघेणे चावे वाढले, म्हणजे एका जिवाच्या स्थलांतराची झळ दुसऱ्याला बसली. आणि ज्या माद्या जन्मजागेला घट्ट धरून आहेत, त्या सरकतच नाहीत. बिमिनीची मादी तापलेल्या खाडीतही येईल. तिला दुसरा पत्ता ठाऊक नाही.

आपल्याकडून एक आक्षेप नक्की येईल, आणि तो रास्त आहे. शार्क संपत चालले ते आधी मासेमारीमुळे, हवामान नंतर. होय. २०२१ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी शार्क आणि त्यांचे नातलग असलेले रे आणि कायमेरा मासे यांच्या जवळजवळ १२०० जाती तपासल्या. एक तृतीयांशाहून अधिक धोक्यात निघाल्या आणि अतिमासेमारी हे पहिले कारण होते. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि रे यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. पण म्हणूनच विणीच्या जागांचे मोल आज आधीपेक्षा जास्त आहे. हजार माद्या होत्या तेव्हा एका वाईट उन्हाळ्याने वंश बुडत नव्हता. आता उरलेल्या थोड्यांपैकी प्रत्येकीचे प्रत्येक बाळंतपण मोजावे लागते आहे. सँड टायगर शार्कचे उदाहरण घ्या. ही जात अति-संकटग्रस्त आहे. तिच्या दोन गर्भाशयांत पहिले वाढलेले भ्रूण बाकीच्यांना खाऊन टाकते, त्यामुळे दर खेपेला जन्मतात फक्त दोन पिल्ले, आणि तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गाभण माद्या क्वीन्सलँडच्या वुल्फ रॉकभोवती जमतात. पोटातल्या पिल्लांना मानवेल असे तापमान शोधत त्या तिथे येतात. एका खडकाभोवतीचे पाणी बिघडले, तर किनाऱ्याच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यातली पुढची पिढी बिघडते.

आणि काहींच्या जन्मजागा अजून सापडलेल्याच नाहीत. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा आणि संकटग्रस्त जात. विज्ञानाने नीट तपासलेली गाभण मादी एकच, १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेली. तिच्या पोटात सुमारे ३०० भ्रूणे होती. ती पिल्ले कुठे सोडते हे आजही गूढ आहे.

म्हणून माझ्या मागण्या या. तीस टक्क्यांचा हिशेब पुरा करताना दूरचा रिकामा समुद्र रंगवण्याआधी विणीच्या आणि संगोपनाच्या जागा धरा. आययूसीएनच्या शार्क तज्ज्ञ गटाने शार्क आणि रे यांच्यासाठी महत्त्वाची क्षेत्रे नकाशावर आणायला घेतली आहेत. पण त्या नोंदीला कायद्याचे बळ नाही, ते फक्त आपण देऊ शकता. कोस्टारिकाने २०१८ मध्ये गोल्फो दुल्से इथल्या पाणथळ भागाला हॅमरहेडचे अभयक्षेत्र घोषित केले, ते एका देशाने मनावर घेतले म्हणून.

हद्द आखताना आजची जागा आणि उद्याची जागा दोन्ही घ्या. जुनी सोडू नका, कारण परतणाऱ्या माद्या तिथेच येणार. पण पाणी तापले तर पिल्ले ज्या दिशेला सरकतील तो पट्टा आत्ताच मोकळा ठेवा, आणि दर पाच वर्षांनी हद्द तपासा. विणीच्या महिन्यांत जाळीबंदी लावता तेव्हा ती दिनदर्शिकेच्या तारखेला बांधू नका, पाण्याच्या तापमानाला बांधा. पाणी लवकर तापले आणि पिल्ले तीन आठवडे आधी जन्मली, तर ठरलेल्या तारखेची बंदी त्यांना वाचवत नाही. आणि त्या पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांना ठरवण्यात सामील करून घ्या, भरपाईसह. पिल्ले कोणत्या आठवड्यात दिसू लागली हे सर्वांत आधी त्यांनाच कळते. खारफुटीच्या मागची जमीन, जिकडे ती सरकू शकेल, तीही संरक्षित क्षेत्रात धरा. समुद्राचे खाते आणि जमिनीचे खाते वेगळे आहे, हे कारण खारफुटीला लागू पडत नाही.

प्रत्येक ज्ञात संगोपन-जागेत एक तापमापक आणि एक प्राणवायूमापक कायमचा बसवा आणि त्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवा. या यादीतली ही सर्वांत स्वस्त मागणी आहे आणि ती पुढच्या हंगामाआधी पुरी करता येईल.

उत्सर्जनाचा निर्णय आपल्या समितीच्या कक्षेत नाही, असे उत्तर मला आधी मिळाले आहे. ते मी मानत नाही. ८० टक्के आणि ११ टक्के यांतला फरक कोणत्याही हद्दीने भरून निघणार नाही. आपण ज्या सरकारांचे प्रतिनिधी आहात, तीच सरकारे उत्सर्जनाच्या बैठकीतही बसतात. तिथल्या आपल्या सहकाऱ्यांच्या हाती हे दोन आकडे द्या.

या हंगामात बिमिनीच्या खाडीत जन्मलेली मादी २०४० च्या सुमारास बाळंतपणाला परत येईल. तोवर आपल्यापैकी बरेचजण निवृत्त झालेले असतील, पण आपण आखलेली हद्द तिथेच असेल. पुढच्या बैठकीला नकाशा घेऊन जाल, तेव्हा त्यावर २०४० च्या अपेक्षित तापमानाची रेघ ओढून न्या. आपल्या देशातल्या कोणकोणत्या विणीच्या जागा त्या रेघेपलीकडे पडतात, त्यांची नावे सभागृहात वाचून दाखवा आणि ती यादी प्रसिद्ध करा. मी त्या यादीची वाट पाहते आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
समुद्रावर जीव असलेली एक नागरिक